सेस्ना १७२: आयडलला बंद पडणाऱ्या इंजिनाच्या नोंदी

८ जून

संध्याकाळच्या शेवटच्या उड्डाणानंतर टेक लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे दोषाची नोंद, आला: उतरल्यावर थ्रॉटल आयडलला, म्हणजे किमान गतीला, मागे घेतला की इंजिन खडखडतं, टॅक्सीवेवर येता येता बंद पडलं. विमान सेस्ना १७२पी. इंजिन लायकमिंग ओ-३२०-डी२जे, चार सिलिंडर, १६० अश्वशक्ती. त्याच्या तेलाच्या संपला (तळातल्या टाकीला) खालून बोल्टने बसवलेला मार्व्हल-शेबलर एमए-४एसपीए कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत इंधन मिसळणारा भाग.

कॅप्टन निघून जायच्या आत त्यांना गाठलं. स्नॅगच्या एका ओळीत जे मावत नाही ते वैमानिकाच्या डोक्यात ताजं असतं आणि सकाळपर्यंत त्यातलं निम्मं जातं. इंजिन थंड असताना होतं की गरम? गरम असतानाच. कुठल्या टाकीवर? इंधनाचा सिलेक्टर बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, होता. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ? उतरायला येताना ओढलेली, उतरल्यावर बंद केलेली. मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारी कळ) फुल रिच, म्हणजे इंधन सर्वांत जास्त. वर २४०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) काही तक्रार? काहीच नाही, अगदी गुळगुळीत.

काका म्हणाले, "मॅडम, कार्ब गेला. काढून टाकू." हँगरमध्ये त्यांच्याइतका अनुभव कुणाचा नाही आणि त्यांचा अंदाज बहुधा बरोबर निघतो. तरीही मी थांबवलं. कार्ब्युरेटर काढायला चार नट सोडायचे असतात, पण ते सुटले की पुरावाही सुटतो. केबल कशी बसली होती, कुठे ओल होती, कुठून हवा शिरत होती, हे पुन्हा कळायला मार्ग नाही. आधी इंजिनालाच विचारू, मग पाना हातात घेऊ.

विमान ग्राउंड केलं. शिकाऊ मुलं सोलोला जातात तेव्हा फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, थ्रॉटल बंद असतो. तिथून गो-अराउंड करायची, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायची, वेळ आली आणि पुढे इंजिनच नसलं तर काय होईल, याचा विचार मनात असताना "उद्याची एक सॉर्टी करून बघू" असं म्हणता येत नाही.

९ जून

सकाळी लवकर रनअप, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून तपासणी. ऊन चढलं की खानदेशातल्या या एप्रनवर ४१ अंश होतात आणि आकड्यांवर विश्वास ठेवणं कठीण जातं.

१७०० आरपीएमला मॅग्नेटो (ठिणगी देणारी दोन यंत्रं), एकेक करून: डावा ७५ने उतरला, उजवा ९०ने. पुस्तकात मर्यादा १२५ची, आणि दोघांतला फरक ५०च्या आत. ठिणगीवरचा संशय बराचसा गेला. फुल थ्रॉटलला स्टॅटिक, म्हणजे विमान उभं असतानाचा, आरपीएम २३३० भरला. १७२पीला २३०० ते २४२० हवा. म्हणजे पूर्ण ताकदीवर इंजिनाला हवाही मिळते, इंधनही मिळतं.

आता आयडल. खडखड लगेच सुरू झाली आणि एक्झॉस्टला काळसर धूर दिसला. मिक्स्चर हळूहळू बाहेर ओढलं, म्हणजे इंधन कमी करत नेलं. इंजिन मरण्याआधी आरपीएम शंभरच्याही वर चढला. लायकमिंगचं पुस्तक सांगतं की मिक्स्चर ओढताना वाढ ५०च्या पुढे गेली तर आयडलचं मिश्रण फार रिच आहे. वाढ न होता आरपीएम थेट पडला तर मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी.

दुसरी चाचणी कार्ब हीटची. ही फुकट आहे, हत्यार लागत नाही, तरी फार कमी जण करतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच इंधनाला कमी हवा मिळते आणि मिश्रण आणखी रिच होतं. खडखडणारं इंजिन कार्ब हीट ओढल्यावर सुधारलं तर ते लीन होतं. बिघडलं तर आधीच रिच होतं. आमचं बिघडलं, जवळजवळ बंदच पडलं.

दोन वेगळ्या चाचण्यांचं उत्तर एक. काउलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) एकही स्क्रू न काढता शोध निम्म्यावर आला: फक्त आयडलला, आणि फक्त रिच.

१० जून

जास्त इंधन कुठून येतं किंवा कमी हवा कशामुळे मिळते, एवढाच प्रश्न आता उरला.

एअर फिल्टर धुळीने राखाडी झाला होता, बदलला. पण गुन्हेगार तो नव्हे हे काढायच्या आधीच माहीत होतं. फिल्टर तुंबला तर सर्वांत जास्त हवा लागते तेव्हा, म्हणजे फुल थ्रॉटलला, इंजिन आधी रडतं. आमचा स्टॅटिक आरपीएम ठीक होता. कार्ब हीटचं झाकण पूर्ण बंद होतंय, केबल बरोबर आहे.

प्लग काढले. खालचे चारही काजळीने मखमली काळे. कम्प्रेशन ८० पौंडांवर तपासलं, सगळे सिलिंडर ७४च्या वर, म्हणजे धडधाकट.

डाव्या पंखाखालचा इंधनटाकीचा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जाऊ देणारी नळी, तीही पाहून घेतली. कुंभारीण माशीला ही नळी फार आवडते, दोन दिवसांत मातीने बुजवते. व्हेंट बुजला तर इंधन कमी पडतं, जास्त नाही, म्हणजे या स्नॅगशी त्याचा संबंध नाही. पण पंखाखाली उभं राहायचं आणि व्हेंट बघायचा नाही, हे आमच्या भागात चालत नाही.

१२ जून

आज प्रायमर, म्हणजे स्टार्टच्या वेळी थोडं इंधन थेट इंजिनात सोडणारा हातपंप. आयडलला थ्रॉटलची बटरफ्लाय (हवेची झडप) जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे तिच्यापुढच्या इनटेकमध्ये निर्वात मोठा असतो. प्रायमरचं बटण नीट लॉक झालेलं नसेल किंवा आतल्या ओ-रिंगा झिजल्या असतील, तर तो निर्वात त्या बारीक नळीतून इंधन खेचत राहतो. लक्षण तंतोतंत आपल्यासारखं: आयडलला रिच, वर काही नाही.

प्रायमरची लाइन इंजिनाकडून सोडवली, दोन्ही टोकांना बुचं लावली आणि इंजिन चालवलं. मिक्स्चर ओढल्यावरची वाढ आता सत्तरच्या आसपास. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. प्रायमर उघडला तर एक ओ-रिंग कडक होऊन चिरलेली. दोन्ही बदलल्या.

हँगरमध्ये सगळ्यांना वाटलं की सापडलं. ओ-रिंग खरोखरच खराब होती, तिने इंधन सोडलंही होतं. पण सत्तर म्हणजे पन्नास नव्हे. विमान सोडायला मी तयार झाले नाही.

१३ जून

आयडल मिक्स्चरचा स्क्रू बघायला गेले तर तो जवळजवळ पूर्ण आत. आत म्हणजे लीनच्या बाजूला. म्हणजे मागे कधीतरी कुणीतरी याच रिचपणाला स्क्रूने दाबून पाहिलं होतं, आणि रोग वाढत गेला तसा स्क्रूही आत आत गेला. लॉगबुकात त्याचा उल्लेख नाही. स्क्रू एवढा आत असूनही मिश्रण रिच राहतं, तर जादाचं इंधन आयडलच्या वाटेने येतच नाही. ते दुसरीकडून ओतलं जातंय.

संध्याकाळी काकांनी एअरबॉक्सखाली (कार्ब्युरेटरला हवा आणणाऱ्या खोक्याखाली) पांढरा स्वच्छ कपडा अंथरला. सिलेक्टर बोथवर ठेवला, विमानाभोवती दोरी बांधली, अग्निशामक जवळ ठेवला.

१४ जून

कपड्यावर निळा डाग, तळहाताएवढा. अ‍ॅव्हगॅस १०० एलएलला निळा रंग मुद्दाम घातलेला असतो, आणि गळती शोधताना तो किती कामाला येतो ते आज पुन्हा दिसलं. (हे इंधन पूर्वी सगळं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने ते २०२२पासून वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवायला घेतलं. रंग तोच.)

कपडा बदलला, सिलेक्टर ऑफ केला. दुपारपर्यंत एक थेंब नाही. पुन्हा बोथ केला, तासाभरात थेंब सुरू.

इथे कार्ब्युरेटरच्या पोटात काय चालतं ते लिहून ठेवते, कारण शिकाऊ टेक्निशियन मुलं या नोंदी वाचतात. इंधन पंखातल्या टाकीतून गुरुत्वाने खाली येतं आणि बाऊलमध्ये पडतं. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो तसाच इथे फ्लोट असतो. पातळी चढली की फ्लोट वर येतो आणि सुईसारखी व्हॉल्व्ह तिच्या सीटमध्ये दाबून इंधन थांबवतो. बाऊलमधली पातळी मुख्य नॉझलच्या तोंडापेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे. तेवढं अंतर राखलं तर वेंच्युरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) वेगाने जाणारी हवा हवं तेवढंच इंधन उचलते. सुई नीट बसली नाही किंवा फ्लोट जड झाला, तर पातळी नॉझलच्या वर जाते आणि कुणी न उचलता इंधन आपणहून वाहायला लागतं. पूर्ण ताकदीवर इंजिन एवढं इंधन खातं की वरचे चार थेंब त्याला कळतही नाहीत. आयडलला मात्र तेच थेंब डोईजड होतात.

हा कार्ब्युरेटर अपड्राफ्ट आहे, हवा खालून वर जाते. त्यामुळे उभ्या विमानात वाहिलेलं इंधन खाली एअरबॉक्समध्ये जमतं. स्टार्टच्या वेळी इंजिनाने उलट फटका मारला तर तिथे आग लागायला दुसरं काही लागत नाही. म्हणूनच मुलांना पुन्हा पुन्हा सांगते की स्टार्ट करताना थ्रॉटल पंप करू नका, प्रायमर वापरा. प्रत्येक ढकलण्यासरशी अ‍ॅक्सिलरेटर पंप इंधनाची पिचकारी मारतो, आणि इंजिन फिरत नसेल तर ती पिचकारी सिलिंडरकडे न जाता खाली पडते. आणि आग लागलीच तर स्टार्टर सोडायचा नाही. इंजिन फिरवत राहायचं, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात.

कॉकपिटमध्ये लाल टॅग लावला: सिलेक्टर ऑफच ठेवावा.

१५ जून

काढण्याआधी शेवटची शंका: सुईखाली कचरा अडकलाय का? थेंब चालू असताना प्लॅस्टिकच्या हातोडीने बाऊलवर हलके ठोके दिले. कचरा असेल तर तो बऱ्याचदा निघून जातो आणि गळती थांबते. थेंब थांबले, पण घटकाभरच. बाऊलचा ड्रेन प्लग उघडला: पाणी नाही, गाळ नाही. गॅस्कोलेटर (इंधनाची गाळणी) स्वच्छ. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असणारी बोटाएवढी जाळीही स्वच्छ. कचरा नाही, तर मग सुई, सीट किंवा फ्लोट.

"आता काढू?" काकांनी विचारलं. आता काढू.

१७ जून

बॅटरी सोडली, एअरबॉक्स उतरवला, थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबल सोडण्याआधी त्यांचे फोटो घेतले. इंधनाची लाइन उघडीच होती, तेव्हा प्रवाहही मोजून घेतला. गुरुत्वाने चालणाऱ्या यंत्रणेत टेकऑफला इंजिन जेवढं खातं त्याच्या दीडपट इंधन आलं पाहिजे. आमच्या लाइनमधून त्याहून बरंच जास्त आलं.

बाऊल उघडणं आमच्या मंजुरीत बसत नाही. ते काम कार्ब्युरेटरची मान्यता असलेल्या कार्यशाळेचं. पाठवून देऊन कागदाची वाट बघण्यापेक्षा मी स्वतः घेऊन जायचं ठरवलं. झाकण उघडतं त्या क्षणी जे दिसतं ते रिपोर्टच्या चार ओळींत येत नाही.

२० जून

कार्यशाळेत उघडला. बॉडी उलटी धरून फ्लोटची उंची मोजली. गॅस्केटपासून फ्लोटपर्यंत ७/३२ इंच हवं, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. तिथले मिस्त्री त्या मापाच्या ड्रिलची दांडी खाली सरकवून बघतात आणि दोन्ही बाजूंना तेच माप येतंय का ते तपासतात. माप बरोबर निघालं. सुईच्या टोकावर फिकट कडी दिसत होती, पण एवढी गळती व्हावी इतकी झीज नव्हती.

मग मिस्त्रींनी फ्लोट सोडवला, पुसला आणि कानाजवळ नेऊन हलवला. काही न बोलता माझ्या हातात दिला. एका बाजूच्या कप्प्यात इंधन डुचमळत होतं.

पोकळ प्लॅस्टिकचा फ्लोट. जोडाच्या रेषेत केसाएवढी चीर, त्यातून हळूहळू एक कप्पा भरत गेलेला. फ्लोट पूर्ण बुडाला नव्हता. एका अंगाला जड होऊन तो कलत होता आणि सुईला लागणारा जोर कमी पडत होता. म्हणूनच ठोके दिल्यावर थोडा वेळ गळती थांबायची. बाकावर कोरडा मोजला तेव्हा माप बरोबर आलं, कारण उंचीच्या मापात वजन येत नाही, तरंगणं येत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं ७/३२ मोजून झाकण लावलं असतं तर हाच कार्ब्युरेटर "तपासला, दोष नाही" असा शेरा घेऊन परत आला असता.

या घराण्याच्या कार्ब्युरेटरांत पितळेचे, भरीव संमिश्र आणि पोकळ प्लॅस्टिकचे असे फ्लोट येऊन गेले आहेत. कंपनीची मालकी बदलत गेली तसे सुटे भागही बदलत गेले. नवा फ्लोट भरीव जातीचा घेतला. सुई आणि सीट जोडीने बदलली. वेंच्युरीही पाहिली. दोन तुकड्यांची जुनी वेंच्युरी सैल होते म्हणून अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) निर्देश काढले होते. आमची एकसंध आहे. थ्रॉटलच्या दांड्याला खेळ नाही. बाऊल भरून गळतीची चाचणी घेतली आणि ती संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.

२४ जून

बसवला. नवं गॅस्केट, नट टॉर्क करून लॉक केले. मिक्स्चर आणि थ्रॉटल दोन्ही बटणं पूर्ण आत ढकलल्यावर पॅनेलपाशी थोडी फट राहिली पाहिजे. ती राहिली तरच कार्ब्युरेटरवरचा हात स्टॉपला टेकला याची खात्री होते. इंजिनाचे कंट्रोल सोडले होते, म्हणून दुसऱ्या परवानाधारकाकडून स्वतंत्र तपासणी आणि सही.

रात्रभर सिलेक्टर बोथवर, खाली पांढरा कपडा.

२५ जून

कपडा कोरडा. काकांनी तो उजेडात धरून सगळ्यांना दाखवला.

इंजिन सुरू केलं. धूर नाही. पण आयडल आता वेगळ्याच पद्धतीने बिघडलेला: आरपीएम वर-खाली डोलतोय, आणि मिक्स्चर ओढताच जराही न वाढता थेट पडतो. म्हणजे लीन. स्क्रू आतच होता हे लक्षात होतं, तो बाहेर घेतला. वाढ दिसायला लागली, पण डोलणं जाईना. कार्ब हीट ओढली तर इंजिन सुधारलं. पंधरवड्यापूर्वी याच चाचणीचं उत्तर नेमकं उलटं होतं.

कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय. या इंजिनात इनटेकचे पाइप संपमधून निघून सिलिंडरकडे जातात आणि संपपाशी रबरी होजने जोडलेले असतात. टॉर्च लावून पाहिलं तर तीन नंबरच्या पाइपच्या होजवर फिकट निळी कडी. ती आधीही असणारच, पण आधी सगळीकडेच निळं होतं.

खात्री करायला व्हॅक्यूम क्लीनर आणला, त्याची हवा फेकणारी नळी एअरबॉक्सच्या तोंडाला लावली, बटरफ्लाय उघडी ठेवली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. तीन नंबरच्या होजवर बुडबुडे फुलले, बाकी तिन्ही शांत. होज काढली तर कडक, तडे गेलेली. चारही होज आणि क्लॅम्प बदलले.

म्हणजे आमच्याकडे तीन दोष एकमेकांवर बसले होते. फ्लोट इंधन ओतत होता, प्रायमर त्यात भर घालत होता आणि फाटकी होज हवा आत घेऊन दोघांनाही अंशतः झाकत होती. होज आधी बदलली असती तर इंजिन आणखी रिच झालं असतं आणि आम्ही चांगल्या होजला दोष दिला असता. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच चाचण्या पहिल्यापासून घेतल्या. मागच्या आकड्यावर पुढचा अंदाज बांधला नाही.

आयडल मिक्स्चर नव्याने लावलं. ओढल्यावर वाढ ३०. गरम इंजिनावर पुन्हा ३०.

२ जुलै

चाचणी उड्डाणं झाली, विमान परत प्रशिक्षणात. आज पुन्हा नोंद: उतरताना आरपीएम आपोआप दीडशेने पडला, "कार्ब्युरेटरचा त्रास परत?"

कॅप्टनशी बोलले. पावसाच्या दोन सरींमधली वेळ, वर २२-२३ अंश, हवा ओलीचिंब. त्यांनी कार्ब हीट पूर्ण ओढली, इंजिन काही क्षण जास्तच खडखडलं, मग आरपीएम परत आला आणि हीट बंद केल्यावर आधीसारखा झाला. हा दोष नव्हे, बर्फ. मधली खडखड म्हणजे वितळलेलं पाणी इंजिनातून जात होतं. घाबरून त्या क्षणी हीट बंद करणं हीच मोठी चूक ठरते, ती त्यांनी केली नाही.

"खानदेशात कसला बर्फ" असं मुलं म्हणतात. इंधनाचं बाष्प होताना आणि वेंच्युरीत दाब घटताना तापमान ३० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. एफएएच्या साहित्यात बाहेर ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही बर्फाची शक्यता दिलेली आहे. लायकमिंगचा कार्ब्युरेटर गरम संपला चिकटलेला असल्यामुळे त्याला हा त्रास सेस्ना १५०च्या कॉन्टिनेंटल ओ-२००पेक्षा कमी, पण नाहीच असं नव्हे. थ्रॉटल कमी करण्याआधी हीट ओढा, पूर्ण ओढा, असं ब्रीफिंग रूमच्या फळ्यावर लिहून आले.

तरीही त्याच दिवशी आयडलची चाचणी घेतली. वाढ ३०च.

६ जुलै

खालचे प्लग पुन्हा काढले. फिकट तपकिरी, कोरडे. इंजिन बरेच दिवस रिच चाललं होतं, तेलात इंधन उतरलं असणार म्हणून तेल आणि फिल्टर मुदतीआधीच बदलले. फिल्टर कापून पाहिला, धातूचे कण नाहीत. स्नॅग बंद केला, सही केली. आयडल स्क्रू आता किती आट्यांवर आहे ते या वेळी लॉगबुकात लिहिलं आहे.

ताफ्यातल्या बाकीच्या १७२ विमानांच्या कार्ब्युरेटरांचे कागद काढून कशात पोकळ फ्लोट आहे ते बघायला घेतलंय. एकाच्या रिलीजमध्ये (दुरुस्तीच्या प्रमाणपत्रात) फ्लोटचा भाग क्रमांक दिलेलाच नाही. त्याच्याखाली आज रात्री कपडा अंथरतोय.